आजारी बाळाला घेऊन पहिली सहल
सिकलसेल असलेल्या बाळाच्या घरासाठी आरोग्यपाठ

घरात मोठा आजार असलेलं बाळ आलं की सगळ्या घराच्या सुट्ट्या बंद होतात. लग्नाला जायचं तर आई मागे राहते. दिवाळीच्या सुट्टीत मोठी मुलं दारातच खेळतात. “बाळाला काही झालं तर?” या एका प्रश्नापुढे कोणी पुढचं बोलत नाही. प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर “कुठेच जायचं नाही” असंच असायला हवं असं नाही. नीट तयारी केली आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर सिकलसेलच्या बाळालाही घेऊन दोन दिवस बाहेर जाता येतं. ती तयारी कशी करायची, तो आजचा पाठ.

उदाहरणासाठी एक घर समोर ठेवू. हे घर कल्पनेतलं आहे, पण अशी घरं विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत आहेत. उत्तर नागपुरात राहणारे आई-वडील, आजी, ८ वर्षांची मुलगी आणि ११ महिन्यांचं बाळ. बाळाला सिकलसेल आहे, रिपोर्टवर ‘एसएस’ लिहिलेलं. दिवाळीच्या सुट्टीत मामा गाडी घेऊन येणार आहे आणि चिखलदऱ्याला दोन रात्री राहायचं ठरतं आहे. या घराची ही पहिलीच सहल.

आजार काय आहे

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात, बारीक नळीतूनही सहज सरकतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि एकमेकींना अडकून रक्ताची वाट बंद करतात. जिथे वाट बंद होते तिथे दुखतं, सूज येते. या पेशी लवकर फुटतात, म्हणून बाळ फिकं दिसतं.

जन्मल्यावर पहिले ५-६ महिने बाळाच्या अंगात गर्भातलं रक्तद्रव्य शिल्लक असतं, ते बाळाला सांभाळतं. म्हणून सुरुवातीला बाळ ठणठणीत वाटतं आणि सहाव्या महिन्यानंतर त्रास दिसू लागतो. आपल्या उदाहरणातलं बाळ नेमकं याच वयात आहे.

या आजारात आणखी एक गोष्ट आतल्या आत घडते. पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांखाली प्लीहा असते. ती जंतूंना अडवते. सिकलसेलच्या मुलांत ती अगदी लहान वयातच निकामी होऊ लागते. म्हणून साध्या मुलाला आलेला ताप आणि या बाळाला आलेला ताप यांत फार फरक आहे. पहिल्या काही वर्षांत जीवाला खरा धोका असतो तो या तापाचा.

पेशी वाकायला चार गोष्टी कारण होतात: अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप किंवा जंतुसंसर्ग आणि अतिश्रम. प्रवासात या चारही गोष्टी भेटतात. त्या चार वाटा बंद करणं म्हणजेच प्रवासाची तयारी.

जायचं की नाही, हे कोण ठरवणार

मामा ठरवणार नाही, आजीही नाही. बाळाला नेहमी पाहणारे डॉक्टर ठरवतील. निघण्याच्या साधारण १५ दिवस आधी बाळाला दाखवा आणि कुठे, किती दिवस, कशाने जाणार ते सांगा. पुढच्या गोष्टी असतील तर सहल पुढे ढकला:

– गेल्या काही आठवड्यांत ताप, दुखण्याचा झटका किंवा रुग्णालयात भरती झाली असेल;
– प्लीहा अचानक फुगण्याचा त्रास नुकताच झाला असेल;
– हिमोग्लोबिन बाळाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा खाली गेलं असेल;
– वयाप्रमाणे लसी राहिल्या असतील.

लसींत न्यूमोकोकल लस विशेष महत्त्वाची. सरकारी लसीकरणात ती दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने अशा वेळी मोफत मिळते. लसीचं कार्ड काढून पाहा. शिवाय फ्लू आणि टायफॉइडच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आधी छोटी तालीम करा. एक दिवस कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला किंवा रामटेकला जाऊन संध्याकाळी परत या. बाळ गाडीत कसं राहतं, दूध किती वेळाने मागतं, औषधाची वेळ चुकते का, पिशवीत काय विसरलं, ते घराजवळच कळेल.

ऋतूही पाहा. मे महिन्यात नागपूर-अमरावतीचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा या बाळाला लांबच्या रस्त्यावर नेऊ नये. भर पावसाळ्यात चिखलदऱ्याला धुकं, ओल आणि गारवा असतो. दिवाळीनंतर हवा बरी, पण रात्री गारठा असतो आणि पावसानंतरचे डासही असतात. दोन्हींची तयारी पुढे सांगितली आहे.

पिशवीत काय हवं

एक छोटी पिशवी फक्त बाळाच्या आजारासाठी ठेवा. ती गाडीच्या मागच्या डिकीत टाकू नका, आईच्या पायाशी ठेवा.

१. कागद. रोगनिदानाचा रिपोर्ट (एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस), रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन, शेवटचं रक्त कधी चढवलं, चालू औषधं आणि डोस, कशाची अ‍ॅलर्जी आहे, डॉक्टरांचा फोन. हे सगळं डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या. मोबाइलमध्ये फोटो ठेवाच, पण कागदही ठेवा. मेळघाटात अनेक ठिकाणी रेंज नसते आणि बॅटरीही संपते.

२. औषधं. सिकलसेलच्या बाळाला २-३ महिन्यांपासून किमान ५ वर्षांपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन देतात. ३ वर्षांखालच्या मुलाला साधारणपणे एका वेळी १२५ मिलिग्रॅम असतं, पण तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलाच डोस द्या. सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं. काही बाळांना ९ महिन्यांनंतर हायड्रॉक्सियुरिया सुरू करतात. ते चालू असेल तर रक्ताची तपासणी वेळेवर झाली आहे ना ते पाहा आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने ते औषध हाताळू नये. जितके दिवस जाणार त्याहून ३-४ दिवसांचं औषध जास्त घ्या. पाणी घालून तयार केलेलं पातळ औषध उन्हात तापलेल्या गाडीत खराब होतं. ते कसं ठेवायचं ते बाटलीवर वाचा किंवा औषधवाल्याला विचारा.

३. डिजिटल थर्मामीटर. हाताच्या पाठीने कपाळ चाचपणं या बाळासाठी पुरेसं नाही.

४. ओआरएसची पाकिटं, उकळून गार केलेलं पाणी, वाटी-चमचा. मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. ग्लासभर पाण्यात अंदाजाने चिमूट टाकू नका.

५. पॅरासिटामॉल. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, म्हणून आधीच डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. अ‍ॅस्पिरिन बाळाला कधीही देऊ नका.

‘रक्तवाढीचं’ लोहाचं टॉनिक मात्र स्वतःहून पिशवीत टाकू नका. या बाळाचं रक्त कमी होतं ते पेशी फुटल्यामुळे, दर वेळी लोह कमी असतं म्हणून नव्हे. तपासणीशिवाय दिलेलं लोह अंगात साठू शकतं.

रस्त्याचा नकाशा, रुग्णालयांसह

इतर लोक नकाशात ढाबे आणि पॉइंट शोधतात. आपण आधी रुग्णालयं शोधायची. नागपूरहून चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक आहे. वाट कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोझरी, अमरावती, परतवाडा अशी जाते आणि मग घाट लागतो. तिवश्याला ग्रामीण रुग्णालय आहे. अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, ज्याला लोक इर्विन म्हणतात. अचलपूर-परतवाड्याला उपजिल्हा रुग्णालय आणि चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे.

यात एक गोष्ट समजून घ्या. ग्रामीण रुग्णालयात पहिलं इंजेक्शन, सलाइन, ऑक्सिजन मिळू शकतो. रक्त चढवायची वेळ आली तर रक्तपेढी असलेलं मोठं रुग्णालय लागतं. चिखलदऱ्याहून अमरावती घाट धरून दोन तासांहून अधिक लांब आहे. म्हणून वर असताना “सकाळी बघू” म्हणण्याची मुभा आपल्याला नाही. हे अंतर धास्तीचं वाटत असेल तर पहिल्या सहलीला अमरावतीतच मुक्काम ठेवा आणि चिखलदरा दिवसा पाहून या. त्यात कमीपणा काही नाही.

गाडी पहाटे निघावी आणि घाट दिवसाउजेडी चढावा. चालवणाऱ्याची झोप झालेली असावी. बाळ मागच्या सीटवर असावं. पुढे मांडीवर घेतलेलं बाळ जोराचा ब्रेक लागला तर हातात राहत नाही. लहान मुलाची सीट मिळत असेल तर उत्तमच. एवढ्या लांब मोटरसायकलवर तर बाळाला नेऊच नये. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा नियम गावातल्या गावातही लागू आहे.

दर दीड-दोन तासांनी थांबा. दूध पाजा, नॅपी पाहा. लघवी हे पाण्याचं माप आहे. सहा तासांत नॅपी ओली झाली नाही, तोंड कोरडं पडलं, बाळ रडताना डोळ्यांत पाणी नाही, तर अंगातलं पाणी कमी झालं आहे असं समजा. अंगावरचं दूध वारंवार द्या, मधे वाटी-चमच्याने पाणी द्या. जुलाब-उलटी सुरू झाली तर ओआरएस घोट-घोट द्या आणि जवळचं रुग्णालय गाठा.

एसीचा झोत बाळावर येऊ देऊ नका. गाडीत बिडी-सिगारेट कोणी ओढणार नाही, हे मामालाही निघतानाच सांगा.

मुक्कामाच्या ठिकाणी

चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचावर आहे. ही उंची या आजाराला घातक नाही. सांभाळायची ती थंडी. टोपी, मोजे, दोन-तीन पातळ थर घाला. एका जाड स्वेटरपेक्षा थर बरे, उकडलं की एक काढता येतो. भीमकुंड किंवा देवी पॉइंटवर बोचरा वारा असेल तर बाळाने आजीजवळ गाडीत बसावं, बाकीच्यांनी पाहून यावं. अंघोळ कोमट पाण्याने, भिंत आडोशाला, लगेच पुसून. एक दिवस अंघोळ नाही झाली तरी चालेल.

थंडी वाजते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणसं दगावतात. हे आजारी बाळापुरतं नाही, सगळ्या घरासाठी आहे.

मेळघाटात मलेरिया आहे आणि सिकलसेलच्या बाळाला मलेरिया फार जड जातो. “सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही” असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. थोडं संरक्षण मिळतं ते ‘एएस’ म्हणजे वाहक माणसाला. ‘एसएस’ बाळाला नव्हे. घरची मच्छरदाणी सोबत न्या, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

खाणं घरच्यासारखंच ठेवा: वरण-भात, केळं, ताजी गरम खिचडी. उघड्यावरचं पाणी, बर्फाचा गोळा बाळाला नको. एक वर्षाच्या आत मधही नको.

ही चिन्हं दिसली की सहल थांबली

१. ताप. काखेत १०१ अंश फॅरनहाइट (३८.३ सेल्सिअस) किंवा जास्त असेल तर लगेच रुग्णालयात जायचं. १०० च्या वर असेल तर डॉक्टरांना फोन करायचा, फोन लागत नसेल तर जाऊन दाखवायचं. आधी ताप मोजा, लिहून ठेवा, मग पॅरासिटामॉल द्या. औषधाने ताप उतरला तरी रुग्णालयात जायचंच, कारण उतरतो तो ताप, जंतू तसेच असतात. गार पाण्याच्या पट्ट्यांनी बाळाला कुडकुडवू नका.

२. अचानक फिकेपणा आणि पोट फुगणं. ओठ, तळहात, डोळ्याची आतली पापणी पांढरी पडली, बाळ मलूल झालं, डाव्या बाजूचं पोट टणक लागलं, तर प्लीहेत रक्त अडकलेलं असू शकतं. काही तासांत जीवावर बेततं. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. प्लीहा हाताला कशी लागते हे डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या: बाळ शांत असताना उताणं झोपवायचं, बोटं सपाट ठेवून डाव्या ओटीपोटाकडून वर बरगडीकडे हलके चाचपत जायचं. बाळ बरं असताना ती किती बोटं लागते ते माहीत असेल, तरच वाढली हे कळेल. प्रवासात सकाळ-संध्याकाळ एकदा पाहा.

३. श्वास. जोरजोरात श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं, नाकपुड्या फुलणं, ओठ निळे पडणं.

४. हातापायांची सूज. पंजे-पावलं फुगली, हात लावला की बाळ किंचाळतं. या वयात हा दुखण्याचा नेहमीचा प्रकार आहे. मालिश करून चोळू नका, बर्फ लावू नका. ऊबदार ठेवा, पाणी-दूध द्या, डॉक्टरांनी लिहून दिलेलं दुखण्याचं औषध द्या आणि दाखवा.

५. झटका येणं, एक हात-पाय न हलवणं, उठवूनही न उठणं.

रुग्णालयात पोचल्यावर रांगेत गप्प उभं राहू नका. पहिलं वाक्य हे असू द्या: “बाळाला सिकलसेल एसएस आहे, इतका ताप आहे, इतक्या वाजता सुरू झाला.” कागद पुढे करा. तापाच्या अशा बाळाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन लवकर मिळणं महत्त्वाचं असतं. पुढे पाठवायचं झालं तर कोणत्या रुग्णालयात, कोणत्या गाडीने आणि पहिला डोस दिला का, हे तिथेच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. गरिबाने प्रश्न विचारू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

हक्काच्या गोष्टी

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये धरलेल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा. सिकलसेलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून मोफत रक्त मिळण्याची तरतूद आहे. एसटीत सिकलसेलच्या रुग्णांसाठी प्रवास सवलत आहे. ५ वर्षांखालच्या बाळाला तसंही तिकीट नसतं, पण ते मोठं झाल्यावर ही सवलत तपासणीच्या फेऱ्यांना उपयोगी पडेल. कोणती कागदपत्रं लागतात ते आगारात विचारून ठेवा.

दोष कोणाचाच नाही

अशा घरात प्रवासाचा विषय निघाला की जुनी बोलणी वर येतात. “सुनेच्या माहेरूनच आलं हे.” हे विज्ञानाला धरून नाही. बाळ ‘एसएस’ होतं तेव्हा एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला असतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’ बाळाची शक्यता २५ टक्के, वाहकाची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी बाळाची २५ टक्के असते. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजातही हा जनुक बराच आढळतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तपासून घेण्यासारखं मात्र आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे. आशाताईंना विचारा. आपल्या उदाहरणातल्या ८ वर्षांच्या ताईचीही तपासणी झालेली असावी आणि पुढे लग्न ठरवताना दोन्हीकडचे रिपोर्ट पाहिले जावेत.

त्या ताईबद्दल आणखी एक गोष्ट. घरातलं सगळं लक्ष बाळाकडे जातं आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. सहलीत दिवसातला एक तास फक्त तिचा ठेवा. बाळाजवळ आजी आणि वडील असू देत, आईने तिचा हात धरून दरीवर उतरलेले ढग पाहून यावं. आईलाही तो तास हवा आहे. थर्मामीटर, औषध, प्लीहा पाहणं हे वडिलांनाही आलं पाहिजे. आई एकटीच शिकली तर तिला सहलीतही सुट्टी मिळणार नाही.

निघण्याआधी स्वतःला विचारा

हा पाठ विहारात किंवा महिला मंडळात वाचून दाखवा आणि हे प्रश्न सगळ्यांना विचारा.

१. बाळाचं नेहमीचं हिमोग्लोबिन किती, हे आई-वडील दोघांनाही पाठ आहे का?
२. ताप किती झाल्यावर वाट न पाहता निघायचं?
३. प्लीहा कोणत्या बाजूला असते आणि काल ती किती बोटं लागत होती?
४. मुक्कामापासून जवळचं रुग्णालय कोणतं आणि रक्तपेढी असलेलं कोणतं?
५. पॅरासिटामॉलचा डोस कागदावर लिहिलेला आहे का?
६. रात्री दोन वाजता निघावं लागलं तर गाडी कोण चालवणार?

सहाही उत्तरं तयार असतील आणि डॉक्टरांचा होकार असेल, तर निघा. एखादं उत्तर राहिलं असेल तर ते आधी मिळवा. चिखलदरा कुठे जात नाही.